शापोऱ्यात चणकाच्या मागे: दशमीची एक सकाळ

फाल्गुन शुद्ध दशमीला, पुरतं उजाडायच्या आत, मी आणि माझा मावसभाऊ चणक मासा धरायला गोव्यातल्या शापोरा नदीत, शिवोलीच्या पुलाजवळ उतरलो. माझी बारा फुटी कयाक, त्याची लहान होडी. मोटर दोघांकडेही नव्हती.

दशमी मुद्दाम निवडली होती. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात. नदीत आत जाल तशी ती थोडी मागे सरकते. म्हणजे चढत्या पाण्याबरोबर कामुर्लीच्या बाजूला वर जायचं, पाणी फिरलं की गळ टाकायचा आणि ओहोटीवर परत यायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार ओढतं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या भांगाला ते धड हलत नाही. त्यामुळे दशमी-एकादशी मला सगळ्यात आवडते. निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र बघाच.

चणक म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा. हा मासा पाठलाग करत नाही, दबा धरून बसतो. म्हणून अख्खी नदी विंचरत बसू नका, मानस शोधा. खाजन शेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या, बांधात पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारं असतात, ती मानस. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. उघडली की आतली कोळंबी, शेवटे आणि काळुंद्रं असे बारीक मासे पाण्याबरोबर बाहेर ओढले जातात आणि चणक बरोबर त्या धारेच्या कडेला, संथ पाण्यात तोंड करून उभा असतो. धारेत नाही, कडेला. मला हे कळायला दोन हंगाम गेले.

मानशीवर मासे धरायचा हक्क गावात लिलावाने दिलेला असतो, तेव्हा दाराशी जाळं दिसलं तर आधी विचारा. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे काका जाळं बांधत होते. “काका, खालच्या बाजूला गळ टाकला तर चालेल?” “टाक पुता, पण दोरीच्या अलीकडे येऊ नको. आणि पाणी फिरेपर्यंत दम धर.” आम्ही तिवरांच्या सावलीत थांबलो. पलीकडच्या काठावर हुदांची, म्हणजे पाणमांजरांची, जोडी चिखलात घसरत खेळत होती.

साडेआठच्या सुमारास दारं करकरली. पाण्यावरचा पाचोळा आधी थांबला, मग हळूच उलट्या दिशेने निघाला. पाचव्या फेकीला पाण्यात शहाळं पडावं तसा आवाज झाला आणि रॉड वाकला. मासा उडाला, डोकं झाडलं आणि सरळ बांधाच्या दगडांत शिरला. दगडांवर कालवं. दोर हातात आला तेव्हा टोक कापसासारखं पिंजलेलं होतं. माझा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोर, तीस पौंडी होता. चूक माझीच. इथे चाळीसच्या खाली जाऊ नका, आणि प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर दोर बोटांनी चाचपून बघा.

लीडर बदलला. दहा ग्रॅमच्या जिगवर, म्हणजे शिशाचं वजन असलेल्या गळावर, पांढरा रबरी मासा, तळाला टेकवून सावकाश उचलायचा. त्यावर दोन किलोचा एक मिळाला. त्यानंतर मावसभावाला जो लागला त्याने होडी तिवरांपर्यंत ओढत नेली. जाळीत घेतला तेव्हा उन्हात डोळा निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. तो आम्ही सोडला. चणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे मासे बहुतेक सगळे माद्याच. पावसाच्या तोंडाला त्या नदीच्या मुखाशी जाऊन लाखोंनी अंडी घालतात. तशी एक मादी ताटात घेणं मला पटत नाही. सोडताना पाण्यातच धरा, पोटाखाली हात द्या, आणि कल्ल्यात बोटं घालू नका: कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी कापते.

कयाकवाल्यांनी नांगर कधी बाजूला बांधू नये, पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावा, तोही एका ओढीत सुटेल अशा गाठीने. ओहोटीत बाजूने बांधलेली कयाक क्षणात कलंडते. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत पडलेलं नको. आणि अकराच्या आत पुलाकडे या. मार्चमध्ये दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. पाणी खाली, वारा वर, अशी दोघांची झुंज लागली की पुलाच्या रुंद पात्रात आखूड, उभ्या लाटा उठतात. आम्ही अर्धा तास उशीर केला तर शेवटचा टप्पा वल्ही मारून हात भरून आले. कुंभारजुव्याच्या कालव्यात हेच सगळं करायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, तिथे मगरी आहेत. कयाकवरून पाय पाण्यात सोडून बसायची ती जागा नव्हे.

दोन किलोचा घरी आणला. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून त्याच दुपारी आईने त्याचे जाड तुकडे रव्यात घोळवून तळले, आणि डोक्याचं हुमण, म्हणजे आमटी, रात्रीला ठेवलं.