आमची वाटचाल : फाइल कुठे आहे?

आमच्या संगणक वर्गाचा आरंभ १९९४ साली कराडच्या शनिवार पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर झाला. यंत्रे दोन होती : एक सेकंडहँड ३८६ आणि एक त्यातल्या त्यात नवे ४८६ (हे आकडे म्हणजे आतल्या प्रोसेसरची पिढी). चपला जिन्यात काढायच्या, हात पुसल्याशिवाय कीबोर्डला शिवायचे नाही, संध्याकाळी मॉनिटरवर खोळ घालायची, हे नियम मी भिंतीवर लिहून ठेवले होते. आजची मुले ते ऐकून हसतात. फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवर बसलेली धूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसण्यात ज्यांच्या दुपारी गेल्या, ते मात्र हसणार नाहीत.

आज्ञा टाइप करून यंत्र चालवायचे ते डॉस, मग लिहिण्यासाठी वर्डस्टार, हिशेबाच्या तक्त्यांसाठी लोटस आणि नोंदींसाठी डीबेस असा आमचा क्रम होता. पहिला पंधरवडा फक्त डीआयआर, एमडी, सीडी आणि कॉपी, म्हणजे फाइलींची यादी पाहणे, डिरेक्टरी (आजचे फोल्डर) करणे, तीत जाणे आणि प्रत काढणे, एवढ्यावरच जात असे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या डिरेक्टरीची वंशावळ वहीत काढून दाखवावी लागे. पालक कुरकुरत, कारण शेजारच्या गावात म्हणे तिसऱ्या दिवशी चित्रे काढायला शिकवत. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते की, आपली फाइल कुठे ठेवली आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला संगणक येत नाही.

हे सर्वांत आधी कोणाला पटले असेल तर आबांना. गुळाच्या अडतीचा त्यांचा जुना व्यवसाय होता आणि पन्नाशी उलटल्यावर, १९९६ साली, ते पोरासोरांच्या बॅचमध्ये येऊन बसले. शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे वजन, दर, हमाली, तोलाई आणि उचल वजा जाता हाती येणारी रक्कम, त्यांना मराठीत छापून हवी होती. त्यासाठी ३८६ मध्ये मी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे जिस्ट कार्ड बसवले. ज्यांनी ते वापरले आहे त्यांना त्याचे अप्रूप वेगळे सांगायला नको : डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची, आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्डवरच्या अक्षरमांडणीत स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे हे आबांना चार दिवसांत पाठ झाली. डॉट मॅट्रिक्सची रिबन वाळली की ते स्वतःच शाईचे दोन थेंब सोडून ती पुन्हा चालवत. ते जिस्ट कार्ड आजही माझ्या कपाटात आहे, विकायचे नाही.

१९९९ पर्यंत आमच्याकडे आठ यंत्रे झाली : ती दोन जुनी आणि विंडोज ९८ असलेली, ४८६च्या पुढच्या पिढीची सहा पेंटियम. सहापैकी चार मी पतसंस्थेच्या कर्जावर घेतली होती. त्याच मार्चमध्ये आमच्यापासून चाळीस पावलांवर एका मोठ्या नावाच्या वर्गाची शाखा येणार असल्याचा फलक लागला. वातानुकूलित खोली, रंगीत माहितीपत्रक आणि नोकरीची हमी. हमी या शब्दावर मी तेव्हाही काही बोललो नाही, आताही बोलत नाही.

मग २६ एप्रिलचा सोमवार उजाडला. उन्हाळी बॅचचा तो पहिलाच दिवस होता आणि सकाळी सात वाजता मी एकेक यंत्र सुरू करत गेलो. सहाही पेंटियम विंडोज येता येता अडकली. बंद करून पुन्हा लावल्यावर चारांवर पडदा काळाच राहिला, बीपसुद्धा आली नाही. उरलेली दोन सुरू झाली, पण हार्डडिस्कवरून विंडोज सुरू होत नसल्याचे सांगू लागली. सीआयएच नावाचा तो व्हायरस तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिला होता, आणि त्या दिवशी तो जगभर फुटला. जेमतेम एक केबीचा तो कोड ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलमधल्या रिकाम्या फटींत लपत असल्याने फाइलचा आकारही वाढत नसे. ठरलेल्या तारखेला तो हार्डडिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून टाकी आणि जमल्यास बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या, चिपवरही कचरा लिही. आमच्याकडे तो एका गेमच्या नकली सीडीवरून आला. सीडी एका विद्यार्थ्याची होती, पण ड्राइव्हमध्ये ती मी घातली होती, हे इथे नमूद करतो.

नऊ वाजता आबा आले. "मास्तर, माझ्या पट्ट्या कुठं हायत?" एवढेच त्यांनी विचारले. मी ३८६ सुरू केले. त्या डॉसवर सीआयएचचे काही चालतच नव्हते. पट्ट्या जागच्या जागी होत्या. शिवाय त्यांची एक प्रत आबांच्या दुकानात आणि एक माझ्या घरी फ्लॉपीवर होती. आबांनी तीन पट्ट्या पडद्यावर वाचून पाहिल्या आणि म्हणाले, "दुकानातली चार पोरं शिकायला धाडतो. फी आजच घ्या." त्याच पैशातून मी चार बायोस चिपा काढून, चांदीच्या कागदात गुंडाळून, साबणाच्या डबीत घालून रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका कारागिराने त्या प्रोग्रॅमर या चिप लिहिण्याच्या यंत्रावर लावून पुन्हा लिहून दिल्या. चिप काढताना स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, पिन वाकतात. दोन्ही बाजूंनी सारखे उचलणारे पुलर घ्यावे, ते फार महाग नसते. परत आल्यावर यंत्र सुरू करायची बूट फ्लॉपी, डिस्कचे भाग पाडायला एफडिस्क, फॉरमॅट आणि विंडोजची सीडी, असे सहा यंत्रांचे काम दोन रात्रींत संपले.

तोवर बॅच निम्मी झाली होती. १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, चाळीस पावलांवरच्या शाखेचे उद्घाटन झाले आणि "आमच्याकडे व्हायरस नाही" असा फलक दारावर झळकला. तो कसा असणार? २६ तारखेला त्यांची यंत्रे खोक्यातच होती! वर त्यांच्या चालकांनी आमच्याकडून आलेल्या मुलांच्या फ्लॉपी दारातच काढून घेतल्या, रोगी माणसाचे कपडे घ्यावेत तशा. दोन वर्षे मी पतसंस्थेचा हप्ता आणि माडीचे भाडे यांत कोणते आधी द्यायचे याचाच विचार करत होतो, आणि त्या काळात दोन्ही जुन्या यंत्रांवर सकाळ-संध्याकाळ डॉसच शिकवले. पुढे ती शाखा आगाऊ फीसह एका रात्रीत बंद झाली, तेव्हा तिची अर्धवट राहिलेली सतरा मुले मी फी न घेता पुरी केली. याची कुठे बातमी आली नाही.

त्यानंतर एमएस-सीआयटीची, भारनियमनाची आणि विंडोज एक्सपीची वर्षे आली आणि गेली. त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही.

आता येणाऱ्या मुलांना इंटरनेट आधीपासूनच येते, पण डाउनलोड केलेले प्रवेशपत्र कुठे गेले ते सांगता येत नाही. म्हणून आजही पहिला आठवडा ब्राउझर उघडायचा नाही. फाइल एक्सप्लोरर, फोल्डर, फाइलचे शेवटचे तीन-चार अक्षरी आडनाव (एक्स्टेंशन) आणि पेन ड्राइव्ह नीट काढणे, एवढेच. नंतर ॲड्रेस बारमध्ये पूर्ण पत्ता लिहिणे आणि शोधाच्या चौकटीत नाव टाकून दिसेल त्या पहिल्या दुव्यावर जाणे यांतला फरक आम्ही दोन तास शिकवतो, कारण बँकेच्या नावाने फसलेली माणसे बहुधा तिथेच फसलेली असतात. आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नका.

मागच्या दिवाळीत त्या बंद पडलेल्या शाखेचे जुने चालक पेन ड्राइव्ह घेऊन माडीवर आले. मुलीच्या लग्नाचे फोटो दिसेनासे झाले होते. मूळ प्रत कुठे ठेवली होती, असे मी विचारले.

"कॉम्प्युटरमध्ये," ते म्हणाले.

फोटो निघाले. पैसे पूर्ण घेतले, पावतीसह.