पलंग ते संडास : ४३ पावलं

घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू. ओटी, माजघर, मागे पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणी आणि परसात वेगळा संडास. बाबा ८१ वर्षांचे, आई ७४. एप्रिलमध्ये बाबा पडवीच्या पायरीवरून घसरले. हाड वाचलं, गुडघा सुजला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. एकदा पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, हे मला माहीत होतं. म्हणून पाऊस लागायच्या आत घराचं काम उरकायचं ठरवलं. ते कसं केलं आणि कुठे चुकलं, ते लिहिते आहे.

सुरुवात गवंड्यापासून केली नाही. आधी दोन रात्री जागून बाबांची वाट पाहिली, म्हणजे अक्षरशः ते चालतात ती वाट. ते रात्रीतून तीनदा उठत होते. पलंगापासून संडासापर्यंत ४३ पावलं, मध्ये तीन उंबरे आणि दोन पायऱ्या. दिव्याची बटणं दोन, दोन्ही पलंगापासून लांबच्या टोकाला. या वाटेवर त्यांचा हात आपोआप कुठे जातो तिथे तिथे मी खडूने खूण केली. एक खूण खुंटीवरच्या टॉवेलपाशी पडली, एक दाराच्या चौकटीवर, एक कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी आणि एक न्हाणीच्या नळावर. कठडा कुठे लावायचा याचं उत्तर या खुणांतच असतं. दुकानदाराने सांगितलेल्या ठिकाणी लावलेला दांडा पुष्कळदा कोणी धरतच नाही, कारण तोल जातो तेव्हा हात सवयीच्या जागीच जातो.

मग औषधं. घरात पडण्याचा विचार करताना लोक फरशीकडे बघतात, गोळ्यांच्या डब्याकडे बघत नाहीत. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना मेंदूकडे रक्त कमी पोहोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बाबांचं आडवं असताना १३८, उभं राहिल्यावर ११२. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन दोन्ही रात्री चालू होत्या, शिवाय लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी. टॅमसुलोसिननेही उभं राहताना बीपी उतरू शकतं. तीन दिवसांचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी लघवीची गोळी सकाळी आणली आणि बीपीच्या गोळीचा डोस बदलला. रात्रीच्या तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही किंवा वेळ बदलायची नाही. आकडे न्यायचे आणि विचारायचं. आईची झोपेची गोळीही अशीच डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी केली. ती एकदम तोडली तर त्रास होतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही सकाळपर्यंत गुंगी राहते, त्याही डब्यातून काढल्या.

उठायची पद्धत दोघांनाही शिकवली. आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडून बसायचं, पावलं २० वेळा वरखाली करायची. मग उभं राहायचं, पलंग धरून दहापर्यंत मोजायचं, मगच पहिलं पाऊल टाकायचं. दिवसा बरोबर केलं तरी अर्धवट झोपेत विसरायला होतं, म्हणून पहिले १५ दिवस मी शेजारी उभी राहून मोजत होते.

दोघांचा तोलही मोजला. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात. आईला ११ लागले, बाबांना १७. दुसरी चाचणी अशी की हात छातीशी धरून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. ८० ते ८४ वर्षांच्या पुरुषाला दहापेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर समजायचे. बाबांचे सहा झाले. हा सहाचा आकडा मला पायरीपेक्षा जास्त भीतीदायक वाटला, कारण पायरी गवंडी चार दिवसांत नीट करतो, मांडीला महिने लागतात. दोघंही शाकाहारी आणि बाबांच्या तळव्यांना बधिरपणा होता, म्हणून रक्तातलं बी-१२ तपासलं. ते कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. आईचा चष्मा दुहेरी काचेचा. पायरी उतरताना ती खाली बघते तेव्हा नजर वाचायच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. तिला बाहेर चालण्यासाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घेतला.

आता काम. सगळ्यात आधी वाट लांबवरून जवळ आणली. माजघराच्या कोपऱ्यात, पलंगापासून नऊ पावलांवर, रात्रीपुरती कमोडची खुर्ची ठेवली आणि पुढे पडदा लावला. बाबा म्हणाले, "मी अजून अंथरुणाला खिळलेलो नाही." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त पावसातल्या रात्री वापरून बघा." सकाळी भांडं मी नेणार, आईने हात लावायचा नाही, असंही ठरलं. नकाराचं खरं कारण बहुतेक तेच होतं. त्यांच्या म्हणण्याला मान देऊन मार्ग काढला नसता, तर खुर्ची महिन्यात माळ्यावर गेली असती.

खुर्चीची उंची मी आधी चुकवली. उंच म्हणजे उठायला सोपं, म्हणून २० इंच ठेवली. बाबांच्या टाचा जमिनीला टेकेनात आणि ते पुढे घसरू लागले. पाऊल पूर्ण टेकलेलं, गुडघ्याच्या मागची खळगी आणि बैठक जवळपास एका पातळीत, बैठक फार तर इंचभर वर, हे बरोबर माप. बाबांना १८ इंच जुळले. परसातल्या देशी संडासावरही बिनभांड्याची तशीच खुर्ची बसवली. पॅनच्या दोन्ही बाजूंची फरशी सपाट नसेल तर ती डुगडुगते, म्हणून चारी पायांखाली रबराच्या टोप्या आणि एका पायाखाली सिमेंटची समपातळी करून घेतली.

कठड्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. पाइप स्टेनलेस स्टीलचा, ३०४ प्रतीचा, बाहेरून ३२ मिमी जाड; मूठ पूर्ण मिटते. भिंत आणि पाइप यांत ४० मिमी अंतर. बोटं जातात, पण तोल गेला तर कोपरापर्यंत हात अडकत नाही. उंची मनगटाच्या घडीएवढी, म्हणजे माणूस सरळ उभा राहून हात सोडेल तेव्हा मनगट येतं तिथे. बाबांचं ते ३४ इंचांवर आलं. उठबस करायच्या जागी आडवा दांडा, दाराशी उभा.

पहिल्या कारागिराने जांभ्यात ८ मिमीचे फास्टनर ठोकले. मी दोन्ही पाय उचलून दांड्याला लोंबकळले, तर तीनपैकी दोन बाहेर आले. जांभा सच्छिद्र आणि मऊ. फास्टनर आत फुगतो तसा चिरा कुसकरतो. मग आरपार भोक पाडून १२ मिमीची आट्याची सळई घातली, पलीकडून चार इंची चौकोनी पत्रा आणि नट. नट-वॉशरही स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा नट गंजतो. फ्लॅटमध्ये टाइल असेल तर आधी ड्रिलची हातोड्यासारखी ठोक बंद ठेवून टाइलच्या बिटने भोक पाडायचं, नाहीतर टाइल तडकते. फास्टनर टाइल आणि प्लास्टर ओलांडून विटेत किमान दोन इंच गेला पाहिजे. हवेने चिकटणारे दांडे आणि टॉवेल टांगायची नळी यांच्यावर माणसाचं वजन टाकू नये. आणि दांडा लावला की बसवणाऱ्यासमोरच लोंबकळून बघावं.

न्हाणीत शहाबादी फरशी. वर्षानुवर्षांच्या साबणाने आणि तेलाने ती काचेसारखी झाली होती. बदलायची गरज नव्हती. जात्याला टाकी लावतात तशी पाथरवटाकडून फरशीला टाकी लावून घेतली. तेल लावून आंघोळ करायच्या दिवशी तळव्यांना तेल लावायचं ते आंघोळ संपल्यावर, पलंगावर बसून. बादली जमिनीवरून काढून सव्वा फुटाच्या कट्ट्यावर ठेवली, कारण वाकून तांब्या भरताना डोकं खाली जातं आणि सरळ होताना चक्कर येते. प्लास्टिकचं स्टूल काढून हातांची, रबरी पायांची खुर्ची आणली. न्हाणीचं दार आत उघडत होतं. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडतं केलं, आणि आतली कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली.

उंबरे काढले नाहीत. आईला ते नको होतं, शिवाय पावसात पाणी आणि किरडू (साप) आत येऊ न देणारे तेच. उतार करायचा तर एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते. चार इंची उंबऱ्याला चार फूट. तेवढी जागा नव्हती, आणि आखूड, चढा उतार उंबऱ्यापेक्षा वाईट. म्हणून उंबऱ्याच्या कडेवर दोन इंची पिवळा पट्टा रंगवला आणि चौकटीला दोन्ही बाजूंनी उभे दांडे लावले.

पायऱ्यांचं दुखणं निराळं होतं. एक ८ इंच, दुसरी साडेपाच. पाय पहिल्या पायरीचं माप लक्षात ठेवून दुसरी उतरतो. मधला अडीच इंचांचा फरक डोळ्याला दिसत नाही, पायाला फसवतो. बाबा इथेच पडले होते. दोन्ही पायऱ्या पावणेसात इंचांच्या केल्या, पाय ठेवायची जागा १२ इंच आणि दोन्ही बाजूंना कठडा, शेवटच्या पायरीच्या पुढे आणखी फूटभर.

अंगणातल्या वाटेवरचं शेवाळ हा कायमचा उद्योग आहे. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाकायची, थोडा वेळ थांबून ताठ ब्रशने घासून धुवायचं. त्याच दिवशी अ‍ॅसिड वापरायचं नाही, दोन्ही मिसळलं तर विषारी वायू होतो. आमच्याकडे मुसळधार महिन्यात दोनदा करावं लागतं.

दिव्यांसाठी हालचालीने लागणारे, चार्जिंगचे छोटे दिवे घेतले, कारण पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. ते भिंतीवर जमिनीपासून दीड फुटावर लावले, म्हणजे प्रकाश पावलांवर पडतो, डोळ्यांत जात नाही. पहिले दिवे २० सेकंदांत विझत. बाबा अर्ध्या वाटेवर असतानाच अंधार व्हायचा. निदान एक मिनिट राहतील असे बदलून आणले. पायांत हवाई चपला बंद. त्याऐवजी टाचेला पट्टा असलेले, पातळ पण खरखरीत तळाचे सँडल. आईच्या परकराची कड दोन इंच वर घेतली. घडी घातलेल्या गोणपाटाचं पायपुसणं गेलं, त्या जागी मागे रबर असलेलं आलं.

व्यायाम हा या सगळ्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या घरगुती व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश कमी झालेलं दिसलं आहे. मी त्यातलेच सोपे घेतले. आठवड्यातून तीन दिवस, ओट्याला धरून: टाचा उचलणे १०, चवडे उचलणे १०, बाजूला दहा पावलं जाऊन परत, एका पावलापुढे दुसरं ठेवून चालणं. खुर्चीतून उठबस सुरुवातीला पाचाच्या दोन फेऱ्या, सहाव्या आठवड्यापासून दहाच्या. तोल जरा डगमगेल इतकं अवघड हवं, पण धरायला काहीतरी हाताशी हवंच. नुसत्या फेरफटक्याने तोल सुधारत नाही. दहाव्या आठवड्यात बाबांचे सहाचे नऊ झाले, १७ सेकंदांचे साडेतेरा. काठी त्यांना अजून लागते: दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीशी, आणि खालचं रबर झिजलं की लगेच नवं.

तरी पडलंच तर काय, हेही गोधडी अंथरून दोघांकडून करवून घेतलं. आधी पडून राहायचं, कुठे दुखतं ते बघायचं. कुशीवर व्हायचं, गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं, हात खुर्चीवर ठेवून बळकट पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय, वजन टाकता येत नाही, तर खुबा मोडला असं धरून हलवायचं नाही, १०८ ला फोन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायचं. दोघांच्या गळ्यात कापडी पिशवीत साधा मोबाइल, आंघोळीला जातानासुद्धा. न्हाणीत तो खुर्चीवरून हात पोचेल अशा खुंटीवर. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे.

गणपतीत घरात वीसेक माणसं असतात, तेव्हा वेगळी काळजी. चपला पायरीवर नाहीत, ओटीच्या उजव्या कोपऱ्यात. रांगोळी चालायच्या वाटेबाहेर, कारण शहाबादीवर ती घसरते. समईचं तेल सांडलं तर लगेच पीठ टाकून पुसायचं. माजघरात अंथरुणं घालताना पलंगापासून पडद्यापर्यंतची नऊ पावलं मोकळी. आणि कठड्यांवर कोणीही ओले टॉवेल वाळत घालायचे नाहीत.