जळलेली पट्टी

मी लंडनमध्ये पेकॅमला एका अल्टरेशनच्या दुकानात शिवणकाम करते, सात वर्षं झाली. मूळची इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून बघायचा ही सवय लहानपणापासूनची. आमच्या राय लेनला सगळीकडे यामचे ढीग, हिरवी मोठी केळी, वेण्या घालणारी सलून आणि लेसची दुकानं. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक नायजेरियन, त्यात योरुबा लोक भरपूर, आणि उन्हाळा आला की दुकानात लग्नाच्या कपड्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही.

गेल्या जुलैतला गुरुवार होता. लग्न शनिवारी. नवरीचा इरो म्हणजे कंबरेला गुंडाळायचं वस्त्र, बुबा म्हणजे वरचा ब्लाउज, खांद्यावर टाकायचा इपेले आणि डोक्याला बांधायचा गेले (लिहिताना आपल्या 'गेले'सारखंच दिसतं, पण ते डोक्याचं वस्त्र आहे), हे सगळं एकाच वाइन कलरच्या आशो ओकेचं, म्हणजे योरुबांच्या हातमागावरच्या कापडाचं, मधून चमकणारा जरीसारखा प्लास्टिकचा धागा, लागोसहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं. काम फार नव्हतं, बाह्या जरा आत घ्यायच्या आणि इस्त्री करायची. आणि त्या इस्त्रीतच माझ्या हातून घोळ झाला. आधी कॉटनचं काम चाललं होतं, इस्त्री तशीच तापलेली, मधे कापड टाकायचं राहून गेलं आणि इरोवर टेकवली तशी चर्र झालं. उचलून बघते तर वीतभर जागेत तो चमकता धागा आक्रसून काळा पडलेला आणि कापड पापडासारखं वर आलेलं.

पोटात गोळा आला. पैठणीच्या मधोमध असं झालं तर संपलंच की सगळं, काय करणार. नवरीच्या आईला फोन लावला. त्यांना मी मम्मी म्हणते, योरुबा लोकांत आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, इथे काम करून मलाही तीच सवय लागलीय. अर्ध्या तासात आल्या. मी सॉरी सॉरी म्हणत होते आणि त्या मलाच म्हणाल्या, "पेले, पेले." हा शब्द माफी मागायचा नाही, कुणाला ठेच लागली, कुणाचं काही बिघडलं की बघणारा म्हणतो, तुझ्या त्रासाचं मला वाईट वाटतंय असं. चूक माझी, कपडा त्यांच्या लेकीचा, आणि पेले मला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. त्यांनी इरो उलटा केला, शिलाईवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही एकच पट्टी ना? मग हीच उसव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आशो ओके हा अखंड पन्ह्याचा कपडा नाहीच. अरुंद मागावर चार-पाच बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी विणतात, मग तिचे तुकडे करून काठाला काठ लावून शिवतात आणि त्यातून इरो होतो, पुरुषांचा आग्बादा म्हणजे घोळदार झगा होतो. म्हणजे एक पट्टी गेली तर कपडा जात नाही, तेवढी काढायची आणि दुसरी लावायची. सात वर्षं मी हे कपडे आत-बाहेर करतेय, त्या शिलाया रोज बघतेय, पण त्यांचा हा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

पण दुसरी आणायची कुठून? वाइन कलरचा उरलेला तुकडा नव्हता. गेलेमधून काढूया म्हटलं तर मम्मी ठाम नाही म्हणाल्या, गेले एका पट्टीने जरी कमी झाला तरी डोक्यावरचा पंख्यासारखा घोळ उभा राहणार नाही. मग घरी जाऊन एक जुनी उशीची खोळ घेऊन आल्या, आत त्यांच्या स्वतःच्या लग्नातला इरो, सान्यानचा. सान्यान म्हणजे जुन्या तीन मानाच्या प्रकारांतला एक. एतू गडद निळीचा, आलारी लाल रेशमाचा, ते रेशीम पूर्वी सहारा ओलांडून यायचं, आणि सान्यान नायजेरियातल्याच रानटी किड्यांच्या कोशांच्या रेशमाचा, रंग थेट आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या कोसा रेशमासारखा, दुधाचा चहा जरा जास्त उकळला की होतो तसा. हातात घेतला तर जड, गार, आणि डांबरगोळ्यांच्या वासाखाली एक मातकट वास.

मम्मींचं आजोळ इसेयिनचं, विणकरांचं गाव. मी उसवत होते आणि त्या सांगत होत्या, मागापुढे अंगणात ताणा लांबवर सोडलेला असतो, टोकाला दगडांचं वजन, विणत गेलं की ते वजन जमिनीवरून घसरत घसरत विणकराकडे येतं, आणि लहानपणी त्या वजनावर बसायला भांडणं व्हायची. मला आमच्याकडच्या मागाचा खडखडाट आठवला, धोटा इकडून तिकडे, आणि घरी आल्यावर वडिलांच्या केसात असलेला कापूस. जुन्या इरोची शिलाई हाताची होती, बारीक, मशीन लाजेल अशी. एकेक टाका कापून ओढायचा, पट्टीच्या काठाला धक्का लागता कामा नये. पट्टी लांबीला जरा जास्त भरली, मी कात्री उचलली तर मम्मींनी हात धरला, कापू नकोस, आत दुमड. रुंदीत अर्ध्या बोटाचा फरक होता तो मी दोन्हीकडच्या शिलाईत मुरवला. रात्री साडेअकराला झालं. वाइन कलरच्या मधोमध एक तपकिरी पट्टी. मला ती डोळ्यात खुपत होती, खरं सांगते. मम्मी म्हणाल्या, "खुपू दे, दिसायलाच हवी."

शनिवारी मला हॉलवर बोलावलंच, ऐनवेळी टाका निघाला तर असू दे म्हणून. आतल्या खोलीत नवरीचा गेले बांधणारी बाई तिच्या मागे उभी, कडक कापडाची एकेक चुणी बोटाने दाबत, टाचण्या दातात धरून, कागदासारखा करकर आवाज. आपल्याकडे फेटा बांधणाऱ्याचे हात असेच चालतात, बघत राहावं. तिने सांगितलेली म्हण मी लिहून ठेवलीय, नुसता गेले असण्यापेक्षा तो बांधता येणं मोठं, आणि बांधता येण्यापेक्षा तो शोभणं मोठं.

बाहेर हॉलमध्ये मुलीकडचे एका रंगात, मुलाकडचे दुसऱ्या रंगात. याला आशो एबी म्हणतात, घरचं वस्त्र, कापड आधीच ठरवून सगळ्यांनी घ्यायचं. त्यातली भारी लेस बऱ्याचदा ऑस्ट्रियाची असते, तिथल्या लुस्टेनाऊ गावात खास नायजेरियासाठी भरतकाम चालतं. दोन्हीकडच्या आलागा, म्हणजे सोहळा चालवणाऱ्या बाया, गाणी म्हणत एकमेकींना अडवत होत्या, मुलाने आणि त्याच्या मित्रांनी मुलीच्या आईवडिलांपुढे गालिच्यावर अख्खा साष्टांग घातला, एकदा नाही, उठवून परत घालायला लावला. मग नवरी नाचत आली. वळली की ती तपकिरी पट्टी दिसायची. पुढच्या रांगेतल्या एक अगदी म्हाताऱ्या आजी उठल्या, काठी टेकत तिच्याजवळ गेल्या, नाचणाऱ्या नवरीच्या कपाळाला नोट लावायची रीत असते, ती लावायच्या आधी त्यांनी वाकून ती पट्टी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "सान्यान." मग मम्मींकडे बघितलं. मम्मी नुसत्या मान हलवत होत्या. नवरीने मुलाच्या डोक्यावर फिला, त्यांची टोपी, घातली तेव्हा सगळा हॉल ओरडत होता आणि मी पाठीमागे उभी राहून फक्त माझी शिलाई बघत होते. टिकली.

सोमवारी मम्मी दुकानात आल्या, फॉइलमध्ये जोलोफ राइस आणि तीच उशीची खोळ. बिलातून काही कमी करू दिलं नाही. जुन्या इरोत पट्टी काढलेली जागा तशीच उघडी होती, ती बंद करून हवी होती. मशीनवर नको, हाताने घालते म्हटलं, दोन तास लागले. मग त्यांनी जीन्सवरच तो गुंडाळून आरशात बघितलं. चार बोटं कमी झालाय. पुरला.