सव्वापंधराचा पाना

आजोबांनी घेतलेला आणि पुढे वडिलांनी चालवलेला आमचा ट्रॅक्टर इंग्रजी बनावटीचा, १९५०च्या दशकातला आहे. अनेक वर्षे उभा असलेला हा ट्रॅक्टर दुरुस्तीला घेतला तेव्हा खरी परीक्षा इंजिनात होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात इंजिन विनातक्रार उघडले आणि गिअरबॉक्सनेही त्रास दिला नाही. मला सात आठवडे अडवून ठेवले ते हायड्रॉलिकच्या झाकणाच्या चौदा बोल्टांनी, कारण त्यांना कोणता पाना लागतो हेच मला कळत नव्हते.

पंधराचा पाना डोक्यावर चढत नव्हता आणि सोळाचा सैल होत होता. व्हर्नियर लावले तर माप १५.६ मिलिमीटर आले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पाच सूत म्हणजे १५.८८ मिलिमीटर, तेव्हा हा पाच सुती इंची पानाच असणार, असा निष्कर्ष काढून मी तसा पाना आणला आणि घाईघाईने जोर लावला. दोन डोक्यांचे कोपरे गोल झाल्यावर मी थांबलो. मग ब्रशने एक डोके घासले, तेव्हा रंगाचे एकावर एक चढवलेले थर निघाले आणि उघड्या लोखंडाचे माप १५.२ भरले. म्हणजे इतके दिवस मी बोल्ट नव्हे, रंग मोजत होतो. माप घेण्याआधी डोके लोखंडापर्यंत खरवडावे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि स्वतःला सुचायला दोन बोल्ट खर्ची पडले.

गोल झालेल्यांपैकी एका बोल्टावर मोठा नट वेल्डिंग करून तो बाहेर काढला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो निम्मा सुटला होता, त्यामुळे अशा बोल्टावर छिन्नी चालवण्यापेक्षा हा उपाय मला अधिक सभ्य वाटतो. त्याची दांडी तीन सुती, म्हणजे ३/८ इंच होती आणि आटे इंचाला वीस. हा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापपद्धतीच्या कुळातला बारीक आट्यांचा, म्हणजे बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) बोल्ट आहे हे त्यावरून निश्चित झाले, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने ३/८ व्हिटवर्थचा पाना मागवला.

आलेल्या पान्याचे तोंड अठरा मिलिमीटरचे होते. तक्रार केल्यावर विक्रेत्याने, इंची पाने सगळे सारखेच असतात असे ऐकवून, दुसरा ३/८ पाठवला. तो एएफ (अक्रॉस फ्लॅट्स) निघाला, म्हणजे त्याचे तोंडच तीन सूत, साडेनऊ मिलिमीटर. मला हवे होते सव्वापंधरा. दोन्ही पान्यांवर आकडा एकच कोरलेला आणि दोन्ही निरुपयोगी, हे पाहून मला जो संताप आला तो अजून पूर्ण शमलेला नाही. विक्रेत्याला निदान तोंडाचे माप मिलिमीटरमध्ये सांगता आले असते. ते त्याने तिसऱ्यांदा विचारूनही सांगितले नाही.

मात्र पहिली चूक माझीच होती. एएफ पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगतो, तर व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या दांडीचा व्यास सांगतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत डोकी ऐसपैस होती. बीएसएफची डोकी एका मापाने लहान ठेवली गेली. त्यामुळे ३/८ बीएसएफला ५/१६ व्हिटवर्थचा, अर्थात अडीच सुती शिक्क्याचा पाना लागतो, ज्याचे तोंड ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर असते. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टांची डोकीही बीएसएफइतकी लहान केली गेली, म्हणून एकाच जाडीच्या जुन्या आणि नव्या बोल्टांना वेगवेगळे पाने लागू शकतात. पुढे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्रित आटे स्वीकारले, आणि आमच्यासारख्या संक्रमणकाळातल्या यंत्रात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदू लागले.

योग्य पाना येण्याची वाट पाहण्याइतका संयम माझ्यात उरला नव्हता. पंधराचा एक स्वस्त, उघड्या तोंडाचा पाना पकडीत धरून मी दोन्ही जबड्यांची आतली बाजू कानशीने थोडी थोडी घासली आणि दर पाचसहा फेऱ्यांनंतर व्हर्नियर लावून पाहिले. पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त गेले तेव्हा पाना डोक्यावर टक्क बसला. उरलेल्यांपैकी बारा बोल्ट त्याच दुपारी सुटले. आदल्या रात्री त्यांच्यावर रॉकेल सोडून ठेवले होते, हे मघाशी सांगायचे राहिले. त्याविना माझा घासलेला पाना उघडला असता. गोल झालेला दुसरा बोल्टही पहिल्याप्रमाणेच काढावा लागला.

जोडणीच्या वेळी एक काळजी घ्यावी. ३/८चा जाड आट्यांचा व्हिटवर्थ बोल्ट आणि त्याच मापाचा नवा यूएनसी, म्हणजे एकत्रित पद्धतीच्या जाड आट्यांचा नट या दोहोंत इंचाला सोळाच आटे असतात, त्यामुळे नट हाताने चढतो आणि सगळे ठीक वाटते. परंतु एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६० अंशांचा, आणि कसताना आटे बिघडतात. म्हणून मी प्रत्येक जुना नट त्याच्याच बोल्टावर फिरवून ठेवला. सॉकेट घेणार असाल तर बारा कोनांचे न घेता सहा कोनांचे घ्या, आणि अ‍ॅडजस्टेबल पाना हा या कामात पाना समजूच नका.

आता प्रत्येक पान्याच्या दांड्यावर मी तोंडाचे माप पांढऱ्या रंगाने मिलिमीटरमध्ये लिहिले आहे. डायनॅमो अजून उघडायचा आहे. त्याचे नट २ बीए (ब्रिटिश असोसिएशन, लहान स्क्रूंची जुनी ब्रिटिश मापपद्धती) मापाचे, ८.२३ मिलिमीटरचे आहेत, आणि आठचा पाना कालपासून पकडीत लावून ठेवला आहे.