क्रॉसओव्हरमधून अपत्याला नेमकं काय मिळतं?

जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे दोन चांगल्या उत्तरांची (पालकांची) सरमिसळ, म्हणजे क्रॉसओव्हर करून नवी उत्तरं (अपत्यं) घडवत जाणारी शोधपद्धत. तो अडकला की सगळ्यांचा हात आधी म्युटेशन रेटकडे, म्हणजे अपत्यात रँडम बदल करण्याच्या दराकडे जातो. ०.०१ चा ०.०५, मग ०.१. त्याआधी कागद घेऊन एकच अपत्य हाताने काढून बघावं.

फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न (प्रत्येक शहर एकदाच घेऊन परत येण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग शोधायचा), आठ शहरं. पहिला पालक १ २ ३ ४ ५ ६ ७ ८, दुसरा ३ ७ ५ १ ६ ८ २ ४. मधोमध कापून पहिल्याचा पुढचा आणि दुसऱ्याचा मागचा तुकडा जोडला की १ २ ३ ४ ६ ८ २ ४ मिळतं. २ आणि ४ दोनदा, ५ आणि ७ गायब. अशा अपत्याची मागाहून कशीही डागडुजी करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तशा भरलेल्या शहरांच्या जागा आणि शेजार बऱ्याचदा कुठल्याच पालकातून आलेले नसतात. इथे ऑर्डर क्रॉसओव्हर वापरतात. पहिल्या पालकाचा ४ ५ ६ हा तुकडा जागच्या जागी ठेवायचा. दुसऱ्या पालकाला सातव्या जागेपासून गोल फिरून वाचायचं: २ ४ ३ ७ ५ १ ६ ८. त्यातून ४, ५, ६ गाळून उरलेली शहरं सातव्या जागेपासूनच भरत जायची. अपत्य होतं ७ १ ८ ४ ५ ६ २ ३.

मार्ग वैध झाला, पण आता लागून येणाऱ्या शहरांच्या जोड्या मोजा. परतीचा प्रवास धरून आठ जोड्यांपैकी ७-१, ८-४ आणि ६-२ या तीन कुठल्याच पालकात नव्हत्या. म्हणजे क्रॉसओव्हरच्या नावाखाली म्युटेशनही होऊन गेलं. इथे खर्च जोड्यांवर ठरतो, म्हणून पालकांच्या जोड्या टिकवण्याची धडपड करणारा एज रिकॉम्बिनेशन जास्त योग्य. याउलट कोणतं काम कोणत्या जागी यावर खर्च ठरत असेल, तर सायकल क्रॉसओव्हर घ्यावा. त्यात प्रत्येक जागेवरचं मूल्य कुठल्यातरी पालकाच्या त्याच जागेवरून येतं.

म्युटेशनलाही हाच हिशोब लागू. दूरची दोन शहरं अदलाबदल केली की चार जोड्या तुटतात. मधला तुकडा उलटा केला तर फक्त दोन (जाण्यायेण्याचं अंतर सारखं असेल तर). मार्गांसाठी उलटा तुकडाच बरा.

बिटांच्या क्रोमोसोमसाठी (०-१ च्या ओळीत लिहिलेलं उत्तर) म्युटेशनचा दर १/लांबी या नियमापासून सुरुवात करावी. १०० बिटांना ०.०१ म्हणजे सरासरी एक बिट उलटतो, आणि साधारण ३७ टक्के अपत्यांना म्युटेशन शिवतही नाही. गोंधळ होतो तो हा दर प्रत्येक बिटाला की अख्ख्या अपत्याला, यात. ०.०१ अपत्याला लावला तर शंभरातल्या नव्याण्णवांना हातच लागत नाही, उलट ०.१ बिटाला लावला तर प्रत्येकात दहाएक बिट उलटतात आणि शोध जवळजवळ आंधळा होतो. लायब्ररीत बऱ्याचदा हे दोन वेगळे पॅरामीटर असतात, नावं मात्र जुळ्या भावांसारखी.

वास्तव संख्यांसाठी देब आणि अग्रवाल यांचा १९९५ मधला एसबीएक्स (सिम्युलेटेड बायनरी क्रॉसओव्हर) आजही चांगला चालतो. त्यातला ईटा हा पॅरामीटर मोठा ठेवला की अपत्यं पालकांना चिकटून राहतात, लहान केला की लांब पसरतात.

क्रॉसओव्हर खरंच उपयोगी पडतोय का, याची एक चाचणी आहे: दुसऱ्या पालकाऐवजी तिथल्या तिथे बनवलेला रँडम क्रोमोसोम द्यायचा. टेरी जोन्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या चाचणीचं नाव 'मुंडकं नसलेली कोंबडी', आणि नाव चपखल आहे. निकाल तेवढाच चांगला आला तर तुमचा क्रॉसओव्हर म्हणजे नुसतं मोठं म्युटेशन.

आणि हे सगळं करण्याआधी कोडमधली कॉपी तपासा. पालकांच्या ज्या जोडीवर क्रॉसओव्हर होत नाही, तिथे कधीकधी पालकाची लिस्ट कॉपी न करता तशीच पुढे ढकलली जाते, म्युटेशन तीच लिस्ट जागेवर बदलतं, आणि एलिट (पुढच्या पिढीत जसाच्या तसा न्यायचा सर्वोत्तम) म्हणून जपलेला क्रोमोसोमही त्यासोबत बिघडतो. एलिटिझम चालू आहे, फिटनेस (उत्तर किती चांगलं याचा आकडा, मोठा तितका चांगला) मोजणाऱ्या फंक्शनमध्ये काही रँडम नाही, तरी सर्वोत्तम फिटनेसचा आलेख खाली येतोय? आधी हेच बघा. जुना फिटनेस साठवून ठेवत असाल तर आलेखही खोटं बोलेल. शेवटच्या सर्वोत्तम क्रोमोसोमचा फिटनेस नव्याने मोजला की चोरी पकडली जाते.