फडकं की फुंकर?

गाडी धुणं कुणालाही जमतं. खरी कसोटी पुढे, गाडी कोरडी करताना. मुंबईत तर दुहेरी पंचाईत. पावसाळ्यात पाणी सुकता सुकत नाही आणि उन्हाळ्यात पुसायच्या आत सुकून डाग ठेवून जातं.

त्यातून पाणी कुठलं, यावर बरंच अवलंबून. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाणी दोन प्रकारचं. एक पालिकेचं. तानसा, भातसा, मोडकसागर वगैरे सात तलावांत साठलेलं पावसाचं पाणी, म्हणून तसं हलकं. दुसरं बोअरचं, आणि मे महिन्यात टँकरचं. हे जड. आता गंमत बघा. २०२४ च्या जूनमध्ये पालिकेने १० टक्के पाणीकपात केली, तेव्हापासून पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायच्या नाहीत असा सोसायटीचा ठराव आहे. ठराव योग्यच आहे, माझीही त्यावर सही आहे. पण त्यामुळे डाग न पाडणारं पाणी पोटात जातं आणि डाग पाडणारं नेमकं गाडीवर.

बोअरच्या पाण्यात जमिनीतले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. बाथरूममधल्या बादलीला आतून जो पांढरा थर धरतो, तोच बॉनेटवर थेंबाथेंबाने धरतो. थेंबातलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि ते कडेला जास्त साचतात म्हणून डाग बांगडीसारखा गोल दिसतो. गाडी काळी असेल आणि वर एप्रिलचं ऊन असेल तर बघायलाच नको. नुसत्या पाण्याने तो डाग हलत नाही, पातळ केलेलं व्हिनेगर लावत बसावं लागतं. म्हणजे गाडी धुवून झाल्यावर हाताशी जो काही थोडा वेळ असतो, त्यात ती कोरडी करायची.

ती कशी करायची, यावर आमच्या पार्किंगमध्ये दोन पक्ष आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे काका टॉवेलवाले. सहाव्या मजल्यावरचा मुलगा ब्लोअरवाला, म्हणजे हवेच्या झोताने पाणी उडवणारा.

काकांचं काम बघण्यासारखं असतं. त्यांच्याकडे मायक्रोफायबरचा एक मोठा, जाडजूड टॉवेल आहे. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक चिरून हे कापड करतात, त्या फटींमध्ये पाणी ओढलं जातं. काका तो बॉनेटवर चादरीसारखा पसरतात, दोन टोकं चिमटीत धरतात आणि अलगद स्वतःकडे ओढतात. घासणं नाही, दाबणं नाही. टॉवेल सरकतो आणि मागे बॉनेट लखलखीत, कोरडं. टपावर तेच, डिकीवर तेच. मग दरवाजांसाठी दुसरा, छोटा. खालच्या पट्टीला, जिथे चिखल उडतो, तिथे तिसरा, आणि तो तिसरा परत वर न्यायचा नाही म्हणजे नाही. आमच्याकडे सोवळं-ओवळं आता उरलंय ते या टॉवेलांपुरतं.

त्याला कारण आहे. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनही बारीक. फडक्यात एक कण अडकला की तो त्या थरावर रेघ ओढत जातो. एकटी रेघ दिसत नाही. अशा हजारो झाल्या की उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसायला लागतं. मुंबईत निम्म्या गाड्यांवर ते आहे, आणि ते कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाकडे एक बादली, एक फडकं आणि डझनभर गाड्या. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीपर्यंत प्रवास करते. पण त्याला बोलायचा अधिकार आपल्याला नाही. महिन्याला आपण त्याच्या हातावर जे टेकवतो, तेवढ्यात तीन टॉवेलांचं सोवळं कोण पाळणार?

फडक्यावरून काळ्या-पिवळ्या टॅक्स्या आठवतात. शेवटची प्रीमियर पद्मिनी २००३ साली नोंदवली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. गिऱ्हाइकाची वाट बघताना टॅक्सीवाला फडकं काढून काच, मग बॉनेट, मग परत काच पुसत राहायचा. गाडीला गरज असो वा नसो. तिच्या रंगावरच्या रेघा कुणी मोजल्या नाहीत.

आता ब्लोअर. हा मूळचा झाडांची पानं उडवायचा, बॅटरीवर चालणारा. सहाव्या मजल्यावरच्या मुलाच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग आहे, त्यामुळे पाणी पसरत नाही, गोळ्या होऊन बसतं. त्याने टपापासून सुरुवात केली की त्या गोळ्या उतारावरून घरंगळत खाली. रंगाला कशाचाही स्पर्श नाही, म्हणजे ओरखड्याचा प्रश्नच मिटला. आणि खरी कमाल आरशापाशी. साइड मिररच्या खोबणीत इतकं पाणी दडलेलं असतं की फुंकर बसताच पिचकारी उडते. नंबरप्लेटच्या मागून, टेललॅम्पच्या फटीतून, पेट्रोलच्या झाकणाखालून, चाकाच्या नटांमधून पाणी निघतच राहतं. तिथे काकांचा टॉवेल पोचत नाही. काका गाडी चकाचक पुसून बाहेर काढतात आणि गेटच्या गतिरोधकावर आरशातून ओघळ निघतो तो थेट दरवाजाच्या कडीपर्यंत.

पण ब्लोअर पाणी सुकवतो हा गैरसमज. तो पाणी ढकलतो. जुलैमध्ये हवेतच ८०-८५ टक्के आर्द्रता, ती आणखी पाणी कुठे घेणार? रंगावर धुक्यासारखा पातळ थर उरतोच, आणि शेवटी तो मुलगाही इकडे-तिकडे बघून खिशातून छोटं फडकं काढतो. मी पाहिलंय.

शिवाय ढकललेलं पाणी जातं कुठे? आमचं पार्किंग स्टिल्टचं, म्हणजे इमारतीच्या खाली खांबांमध्ये. खाली सिमेंटची बारीक धूळ, समोर रस्त्याचं काम. ब्लोअर सुरू झाला की धूळ आणि तुषार शेजारच्या गाडीवर, आणि शेजारची गाडी काकांची, नुकतीच पुसलेली. त्या रविवारचे संवाद इथे देत नाही. आवाजाचा मुद्दा वेगळाच. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र सकाळी सहापर्यंत. ब्लोअर दिवसाच्या हिशोबातही बसत नाही. सेक्रेटरींनी तडजोड काढली, ब्लोअर सकाळी नऊनंतर. म्हणजे नेमकं ऊन तापायच्या वेळी!

माझं मत विचाराल तर सपाट भागाला टॉवेल, फटींना ब्लोअर. पण एकच निवडायचं झालं तर मी टॉवेलवाला. कारण एरवी आपण स्वतःच्या गाडीला हात लावतो कुठे? किल्लीचं बटण, हँडल, स्टिअरिंग. पुसताना मात्र हात सगळीकडून फिरतो. मागच्या मडगार्डवर येऊन थबकतो. हा पोचा कधीचा? मग वॉचमनला हाक, सीसीटीव्हीचं फुटेज, संशयाची सुई तिसऱ्या मजल्याकडे. ब्लोअरवाल्याला हे सगळं सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिककडून कळतं.

एक ब्लोअर फुकटचा आहे. रविवारी सकाळी पूर्व द्रुतगती मार्गावर साठ-सत्तरचा वेग मिळाला की उरलंसुरलं पाणी आपोआप मागे पळतं. धुतल्यावर अशी एक चक्कर मारलेली बरी. गाडी तशीच उभी ठेवली तर रातोरात ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो. चार ब्रेक मारले की तो निघतो, घाबरायचं काही नसतं.

टॉवेलची चाकरी मात्र टळत नाही. तो सुती कपड्यांबरोबर धुवायचा नाही, तंतू चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर घालायचा नाही, धाग्यांवर थर बसला की तो पाणी प्यायचा थांबतो. म्हणजे तीन टॉवेलांसाठी मशीनची वेगळी फेरी. बायकोचं म्हणणं, मग गाडीसाठी वेगळं मशीनच घे. ब्लोअर मशीनपेक्षा स्वस्त पडतो, हे सहाव्या मजल्यावरच्या पोराने तिला लिफ्टमध्ये सांगून ठेवलंय.