१२० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ‘हे मॉडेल आमच्याकडे नाही’

आधीच सांगते, अ‍ॅम्प्लिफायर आता व्यवस्थित वाजतो आहे. तरी लिहायला बसले, कारण ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो सात आठवडे पडून होता, त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

अ‍ॅम्प्लिफायर, ट्यूनर (रेडिओ), टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं) हे सगळं अमेरिकेत घेतलेलं, म्हणजे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. नोकरीपायी युरोपात आलो. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मागच्या पट्टीवर २२० वॉट लिहिलं होतं, म्हणून २३०चे १२० व्होल्ट करणारा, ५०० व्हीएचा (ढोबळमानाने ५०० वॉटचा) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. विटेएवढा जड, जरासा गुणगुणणारा, पण काम चोख. (हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके, खिशात मावणारे कन्व्हर्टर मात्र ऑडिओला लावू नका. ते विजेच्या लाटेचे तुकडे करतात. इस्त्रीला ते चालतं, अ‍ॅम्प्लिफायरला नाही.)

चूक माझीच. घर आवरताना सगळ्या वायरी काढल्या आणि परत लावताना अ‍ॅम्प्लिफायरची पिन ट्रान्सफॉर्मरऐवजी पिन कन्व्हर्टरमधून थेट भिंतीत गेली. पिन कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. बटण दाबलं, आतून एक जाड ‘घ्र्र’ आला, मग टक्, आणि दिवा गेला.

इथून सर्व्हिस सेंटर सुरू.

त्यांच्याकडे दुरुस्ती नोंदवायची तर आधी ऑनलाइन फॉर्म. मॉडेल यादीतून निवडायचं, मग सीरियल नंबर. माझं मॉडेल यादीत होतं, पण शेवटचं अक्षर वेगळं, कारण तेच यंत्र प्रत्येक प्रदेशासाठी वेगळ्या अक्षराने विकतात. नंबर टाकला की लाल अक्षरांत: या क्रमांकाचे उत्पादन आढळले नाही. समोर मांडीवर घेऊन बसले होते मी ते न आढळलेलं उत्पादन. फोन केला तर म्हणाले फॉर्म भरा. फॉर्म भरता येत नाही म्हणूनच फोन केलाय म्हटलं, तर म्हणाले, मग ईमेल करा. ईमेलला आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात त्याच फॉर्मची लिंक.

शेवटी बारा किलोचा डबा उचलून मी काउंटरवर नेला. तिथल्या मुलाने पट्टी वाचली आणि म्हणाला, “हे आमच्या प्रदेशाचं मॉडेल नाही.”

“माहीत आहे. पण बिघडलंय ते तुमच्या प्रदेशात.”

तो हसला नाही. तपासणीचे पैसे आगाऊ घेतले, पावती दिली आणि दोन आठवड्यांत कळवतो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात मी फोन केला: रांगेत आहे. चौथ्यात: तंत्रज्ञ रजेवर आहेत. पाचव्यात: पार्टसाठी विचारणा केली आहे. कुठला पार्ट, हे फोनवरच्या बाईंना सांगता येईना. नवरा म्हणत होता, “अगं, सोड, नवीन घे एक.” नवीन घ्यायला माझी ना नव्हती, पण आता प्रश्न तो राहिलाच नव्हता.

सातव्या आठवड्यात निरोप आला, घेऊन जा. सोबत अर्धं पान: मुख्य ट्रान्सफॉर्मर निकामी, या प्रदेशात उपलब्ध नाही, दुरुस्ती अशक्य. तपासणीचे पैसे परत मिळणार नाहीत. २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर विकत द्याल का, मी लावते, असं विचारलं. नाही म्हणाले, त्यांच्या मॉडेलचा पार्ट माझ्या मॉडेलला देता येत नाही.

घरी आणून टेबलावर ठेवला, झाकणाचे स्क्रू काढायला घेतले आणि हात थांबला. मागच्या दोन स्क्रूंच्या खाचांत राखाडी धूळ घट्ट बसलेली. वर्षानुवर्षं चेपून बसते तशी. पेचकस टेकवण्याआधी मला ती टाचणीने उकरून काढावी लागली. म्हणजे झाकण उघडलंच नव्हतं. न उघडताच ‘ट्रान्सफॉर्मर निकामी’. पट्टीवरचं अक्षर वाचून निदान!

आत फ्यूज काळा पडला होता, बस. दुप्पट व्होल्टेज मिळालं की ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, त्यापुढे करंट एकदम उसळतो आणि फ्यूज उडतो. तो लवकर उडाला म्हणून बाकीचं वाचलं. मल्टिमीटर लावला तर प्रायमरीच्या, म्हणजे भिंतीकडून वीज घेणाऱ्या बाजूच्या, दोन वाइंडिंग (तारेच्या गुंडाळ्या), दोन्हींचा रेझिस्टन्स सारखा. अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये १२०साठी त्या समांतर जोडतात, २३०साठी एकापुढे एक. सर्किट बोर्डावर जंपरच्या (जोडतारेच्या) जागी दोन्ही आकडे छापलेले होते, १२० आणि २३०. कारखान्यात एकच बोर्ड बनतो, तारेचे तुकडे कुठे टाकायचे एवढाच फरक. सात आठवडे!

यापुढचं काम ज्यांनी आधी केलेलं नाही त्यांनी एकट्याने करू नये. पिन काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मल्टिमीटरने शून्य बघूनच हात घालायचा. वाइंडिंगची दिशाही महत्त्वाची: एक उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींना मारतात आणि तो जवळपास शॉर्टच. मी सर्व्हिस मॅन्युअल मिळवून पडताळलं, मग जंपरचे डाग काढून नवे दिले. फ्यूज निम्म्या अ‍ॅम्पिअरचा: १२०ला ५ होता, २३०ला २.५, आणि तोही ‘टी’ खुणेचा, म्हणजे सावकाश उडणारा. साधा टाकला तर चालू करतानाच्या झटक्यातच जातो.

चालू करणार, तेवढ्यात कोपऱ्यात काडेपेटीएवढा दुसरा ट्रान्सफॉर्मर दिसला. रिमोटच्या स्टँडबायसाठीचा. त्याची प्रायमरी एकच, १२०ची. तसाच राहिला असता तर पहिल्याच दिवशी जळला असता. तेवढंच सेकंडरी (बाहेर देणारं) व्होल्टेज असलेला २३०चा शोधून बसवला. वीज आत येते तिथला कपॅसिटरही १२५ व्होल्टचा होता. तो २७५ व्होल्ट एसीचा, ‘एक्स-२’ प्रकारचा, म्हणजे थेट भिंतीच्या विजेवर लावता येणारा, टाकला. हे दोन जिन्नस लोक हमखास विसरतात.

पहिल्यांदा चालू करताना मध्ये ६० वॉटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावला. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे. माझा पेटला, आणि मी श्वास रोखून बघत असताना हळूहळू नारिंगी होत विझत आला. नवऱ्याला हाक मारून तो बल्ब दाखवला. त्याने बल्बकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला गेला.

मागच्या पट्टीवर आता मार्करने ‘२३०’ लिहिलंय. आणि हो, बऱ्याच जुन्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर इतर यंत्रांसाठी सॉकेट असतात, तिथेही आता २३० येणार! माझा ट्यूनर पूर्वी तिथेच असे. त्या सॉकेटवर जाड टेप चिकटवली आहे.

टर्नटेबलची वेगळीच कथा. त्याची सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या, तालावर फिरते आणि स्टेप-डाउनने हर्ट्झ बदलत नाहीत. मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे, आणि प्रत्येक गायिका गायक होते. त्याला ५० हर्ट्झची, थोड्या मोठ्या व्यासाची पुली लागते. ती मागवली आहे, एका जुन्या पार्टवाल्याकडून. त्याने मॉडेलचं शेवटचं अक्षर विचारलं नाही, पट्टा किती रुंद आहे ते विचारलं.

ट्यूनर अजून स्टेप-डाउनवरच आहे. अमेरिकेचा असल्याने तो दशांशाच्या विषम आकड्यांवरच थांबतो, १००.१, १००.३ असा. माझं आवडतं स्टेशन नेमकं १००.२वर. १००.१ वर किंचित खरखरतं, तसंच ऐकते.